सिद्धू पेंटरच्या दोन नंबरप्लेटा

बशीरभाई तांबोळींनी आयुष्यात पाच गाड्या बाळगल्या. त्यांतल्या चार गाड्यांविषयी ते कधीही, कुणापाशीही, समोरचा चहा थंड होईपर्यंत बोलतात. पहिली लूना. तिला मोटारसायकल म्हणावं की नाही यावर दुमत आहे, पण तिच्यावरून ते मिरजेला फरीदाला बघायला गेले होते आणि मुलीकडच्यांनी तिला मोटारसायकलच म्हटलं होतं, त्यामुळे तो विषय त्यांच्या बाजूनं संपलेला आहे. तिसरी हिरो होंडा. तिनं एकवीस वर्षांत एकदाही रस्त्यात सोडलं नाही, म्हणून तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही घडलंच नाही. चौथी बुलेट. ती हौसेनं घेतली आणि पाच महिन्यांत विकली, कारण सिग्नलला बशीरभाईंचे पाय जमिनीला टेकत नसत. पाचवी आसिफच्या, म्हणजे मुलाच्या, वापरात आहे आणि ती फक्त कागदोपत्री त्यांची आहे.

दुसरीविषयी मात्र ते बोलत नसत.

ती विट्यातल्या त्यांच्या घराच्या पोर्चमध्ये, एका विटक्या चादरीखाली उभी असे. दर रविवारी नाश्ता झाला की बशीरभाई चादर काढून तिला किका मारत. साधारण चौदाव्या किकेला ती सुरू होई. मग पाच मिनिटं ते तिच्याशेजारी हात मागं बांधून उभे राहत, ती बंद करत, चादर घालत आणि घरात येऊन कुणाशी न बोलता पेपर वाचत. ती कोणत्या कंपनीची होती, हे इथं सांगत नाही. कंपनी केव्हाच बंद पडली, आणि गेलेल्यांना नावं ठेवण्याची तांबोळींच्या घरात पद्धत नाही.

बशीरभाईंच्या मनात या गाडीवरून एक सल होता, आणि तो अडतीस वर्षं जुना होता. १९८७ साली सांगलीच्या शोरूममधून एका दिवशी, एकाच कंपनीच्या, एकसारख्या काळ्या रंगाच्या दोन गाड्या बाहेर पडल्या. एक बशीरभाईंची, दुसरी त्यांच्या जिवलग दोस्ताची, आकाराम खोताची. दोघं साखर कारखान्याच्या शेती खात्यात ऊसनोंदीला होते. दिवसभर पाणंदीनं फिरायचं, कुणाचा किती गुंठे ऊस, कोणती जात, कधीची लागण, हे वहीत टिपायचं, आणि संध्याकाळी कॉलनीत खोलीला लागून असलेल्या खोलीत यायचं. आकारामची गाडी एका किकेला सुरू होई. थंडीत एका किकेला, पावसात एका किकेला, आठ दिवस लग्नाला जाऊन आला तरी एका किकेला. बशीरभाईंची चौदाला. शोरूममध्ये दोन्ही गाड्या शेजारी उभ्या होत्या आणि आकाराम आधी पुढं झाला होता, एवढं बशीरभाईंच्या पक्कं लक्षात राहिलं. पुढं झालेल्यानं चांगली उचलली आणि आपल्या वाट्याला उरलेली आली, असा त्यांनी निकाल लावून टाकला होता.

त्यात दर रविवारी आकाराम प्लगपाना आणि पॉलिश पेपरचा तुकडा घेऊन त्यांच्या दारात हजर. प्लग काढायचा, घासायचा, फुंकर मारायची, कार्बोरेटर खोलायचा. बशीरभाई पायरीवर बसून बघत आणि मनात म्हणत, आला मिरवायला. निवृत्त झाल्यावर बशीरभाई विट्याला आले आणि आकाराम शिराळ्यापलीकडं वारणेकाठच्या आपल्या गावी गेला. तरी महिन्यातून एका रविवारी हा गडी साठ-पासष्ट किलोमीटर गाडी हाणत प्लग साफ करायला यायचाच. एवढ्या लांब येऊन कोण मिरवतं, हा प्रश्न बशीरभाईंना कधी पडला नाही. सल असला की माणसाला असले प्रश्न पडत नाहीत.

मग सात वर्षांपूर्वीची नागपंचमी आली. शिराळ्याची मिरवणूक बघायची आणि आकारामच्या घरी जेवायचं, हा तीस वर्षांचा शिरस्ता. त्या वर्षी बशीरभाईंनी मिरजेच्या आपल्या नव्या व्याह्यांना, अमीरभाईंना, मुद्दाम सोबत नेलं होतं. जेवून निघताना आकारामच्या भर अंगणात गाडी सुरू होईना. बशीरभाईंनी एकोणीस किका मारल्या. व्याही मागच्या सीटवर बसायच्या तयारीत, एक पाय वर करून उभे. शेवटी आकाराम हात पुसत आला, त्यानं एक किक मारली आणि गाडी सुरू झाली. इथवरही ठीक होतं, कारण एकोणीस किकांनी तयार झालेली गाडी विसाव्या किकेला कुणीही सुरू करील. पण आकाराम हसत म्हणाला, "बशीर, गाडीत काय न्हाई रं गड्या. पाय लागतोय, पाय!"

अंगण हसलं. व्याही हसले. व्याह्यांचं हसणं बशीरभाईंना लागलं. त्या दिवसापासून त्यांनी आकारामचं नाव टाकलं. त्याचे चार फोन आले, ते उचलले नाहीत. पाचवा आला नाही.

आता नंबरप्लेटची गोष्ट. सरकारनं हुकूम काढला की जुन्या गाड्यांना नव्या पद्धतीची, पक्क्या खिळ्यांची नंबरप्लेट बसवून घ्यावी. अगदी किरकोळ काम होतं. शेजारचे दादासो मात्र लगेच कंपाउंडवर रेलले. दादासो सत्तावीस वर्षं कोइमतूरला गलाईचं, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायचं, दुकान चालवून विट्याला परत आलेले. त्यामुळे जगातली कोणतीही वस्तू अस्सल की भेसळीची हे आपल्याला बघताक्षणी कळतं, अशी त्यांची समजूत आहे.

"आवं बशीरभाई, कशाला प्लेट अन् फीट? भंगारात घाला ती. लोखंड बरं हाय तिचं."

"दादासो, तुमच्या घरातलं जुनं माणूस तुमी भंगारात घालता काय?" बशीरभाई म्हणाले आणि त्यांनी आसिफला अर्ज भरायला बसवलं.

मोबाईलवरचा अर्ज चासी नंबरचे शेवटचे पाच आकडे मागत होता. आरसी बुक ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांशेजारी राहून पुसट झालं होतं. तिथं तीन की आठ, एक की सात, काही कळेना. आसिफ हुशार. त्यानं रॉकेल आणि टूथब्रश घेतला, गाडीच्या मानेवरचा अडतीस वर्षांचा मळ घासून काढला आणि लोखंडावरचाच नंबर वाचून भरला. टूथब्रश कुणाचा होता हे बशीरभाईंना दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. अर्जानं उत्तर दिलं, की माहिती जुळत नाही. आसिफनं पाच वेळा भरलं, पाच वेळा जुळलं नाही.

"सर्व्हर डाऊन आसंल," दादासो म्हणाले.

बशीरभाईंनी ज्योतिबा एजंटला गाठलं. मुदत संपली की गाडीची फेरनोंदणी करून आणायचं काम आजवर त्यानंच केलं होतं. "तू एवढ्या वेळा कागद करून आणलेस. नंबर जुळतोय का नाही कधी बघितलं न्हाईस?"

ज्योतिबाला या आरोपाचं खरंच वाईट वाटलं. "चाचा, गाडी मी कवा बघितली? मी कागद बघतो. कागदाला कागद एकदम जुळत हुता."

मग बशीरभाई स्वतः आरटीओ कार्यालयात गेले. खिडकीतल्या कारकुनानं लोखंडावरचा नंबर संगणकात टाकला, चष्मा वर केला आणि विचारलं, "आकाराम ज्ञानू खोत तुमचे कोण?"

सात वर्षांत ते नाव बशीरभाईंच्या समोर कुणी उच्चारलं नव्हतं. फरीदानंही नाही.

"कुणी नाही," ते म्हणाले.

"मग त्यांची गाडी तुमच्याकडं कशी?"

हा प्रश्न कारकुनानं जरा मोठ्यानं विचारला, आणि रांगेत मागं विट्याचीच दोन माणसं होती. संध्याकाळपर्यंत बशीरभाईंच्या पोर्चमधली गाडी चोरीची निघाल्याची बातमी गल्लीत पोचली. दादासोंनी ती पोचवली असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांनी फक्त येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून "मला बघितल्याबरोबर शंका आलीवती" एवढंच सांगितलं. दूधवाल्यानं चादरीचा कोपरा उचलून बघितला. मशिदीत इमामसाहेबांनी बशीरभाईंना बाजूला घेऊन, काही अडचण असेल तर मोकळेपणानं बोला, असं फार मायेनं सांगितलं. कारखान्याचा उरलेला कार्बन पेपर निवृत्तीच्या दिवशी मोजून परत करणारा हा माणूस. त्यांना त्या मायेचाच जास्त त्रास झाला.

पोलीस ठाण्याचा दाखला आणा असं कुणीतरी सुचवलं, म्हणून ते तिथंही गेले. हवालदारानं वही उघडली. "गाडी कुठून उचलली?"

"शोरूममधून," बशीरभाई म्हणाले.

"शोरूम फोडलं?"

या ठिकाणी बशीरभाई खुर्चीवरून उठले, टोपी नीट केली आणि दाखला न घेता घरी आले. दोन दिवस त्यांनी पेपरसुद्धा वाचला नाही.

अखेर कार्यालयातल्या तपासणी अधिकारी मॅडमनी प्रकरण हातात घेतलं. वय तिशीच्या आत, पण डोकं शांत. त्यांनी कागदावर दोन रकाने केले. एका बाजूला ४४१७, बशीर तांबोळी. दुसऱ्या बाजूला ४४१८, आकाराम खोत. खाली दोन चासी नंबर लिहिले आणि त्यांच्यावरून तिरक्या रेघा मारल्या.

"काका, ही चोरीबिरी नाही. दोन्ही गाड्या एकाच दिवशी नोंदल्यात. तुमच्या नंबरची पाटी त्यांच्या गाडीला लागलीय. म्हणजे त्यांच्याकडं जी आहे, ती तुमची."

बशीरभाईंनी खुर्चीचा हात धरला.

आणि मग त्यांना सिद्धू पेंटर आठवला. कारखान्याच्या गेटसमोर त्याची टपरी होती. नवीन गाड्यांना आठ दिवस नंबर नव्हता. त्या आठ दिवसांत आकारामच्या आईनं त्याच्या गाडीला हळदकुंकू लावून नारळ फोडला होता, आणि बशीरभाईंच्या वालिदांनी ह्यांच्या गाडीवर फातिहा पढून फुलांचा हार घातला होता. नंबर आले तशा दोन्ही गाड्या सिद्धूकडं दिल्या. त्यानं अक्षर फार सुरेख काढलं. एका पाटीवर नंबराच्या वर बारीक '७८६', दुसरीवर 'श्री'. संध्याकाळी दोघं गेले, तर गाड्या धुऊनपुसून उभ्या. हार नाही, कुंकू नाही. बशीरभाईंनी ७८६ बघितलं आणि तिच्यावर बसले. आकारामनं श्री बघितलं आणि तो तिच्यावर बसला. ज्या गाडीवर फातिहा पढला ती आकारामकडं गेली, जिला नारळ फोडला ती बशीरभाईंकडं आली, आणि कुणालाही काही वेगळं वाटलं नाही.

"दोघं या, दोन्ही गाड्या आणा," मॅडम म्हणाल्या. "एकतर गाड्या बदलून घ्या, नाहीतर नंबर तरी बदलून घ्या. पण मुदत जवळ आलीय. नाही जुळलं, तर दोन्ही गाड्या रस्त्यावर आणता येणार नाहीत."

बशीरभाई घरी आले ते वेगळ्याच चालीनं. "फरीदा! ती एका किकेची गाडी माझी होती. माझी! पहिल्या दिवसापासनं!"

फरीदा तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "अडतीस वर्षं पुसली कुणी?"

"पुसली त्यानं. पण होती माझी."

"मग जावा की सांगायला. सात वर्षं कारण शोधत हुता, गावलं एकदाचं."

बशीरभाईंनी हे ऐकलं नाही असं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराव्या किकेलाच गाडी सुरू झाली, हा त्यांनी शुभशकुन मानला. वाटेत ते भाषण जुळवत होते. सुरुवात शांतपणे करायची. आधी कागद दाखवायचा, मग व्याह्यांचं हसणं काढायचं, आणि शेवटी म्हणायचं, की पाय नाही आकाराम, गाडी लागते गाडी. ताकारीला एक गाडी आडवी आली आणि हिचं इंजिन बंद पडलं. तिथं सतरा किका लागल्या. त्यानंतर त्यांनी ती बंद करण्याचा धोका पत्करला नाही. पेठ नाक्यावर त्यांनी चालू गाडीवर बसूनच चहा मागवला. कप गाडीबरोबर इतका थरथरत होता, की अर्धा चहा शर्टावर गेला. तरी चेहऱ्यावरची गंभीरता त्यांनी ढळू दिली नाही.

आकारामच्या अंगणात ते शिरले तेव्हाही गाडी चालूच होती, आणि ती बंद न करण्याला आता मोठं कारण होतं. पुन्हा त्याच अंगणात, त्याच माणसासमोर किका मारणं त्यांना मेल्यापेक्षा वाईट वाटलं असतं. म्हणून त्यांनी गाडीवर बसूनच सुरुवात केली.

आकाराम सोप्यात खुर्चीवर होता. तो उठला. उठताना त्यानं पुढ्यातला चार पायांचा वॉकर धरला, आणि बशीरभाईंचं जुळवलेलं पहिलं वाक्य निसटून गेलं.

"ही गाडी," ते ओरडले, "तुझी हाय!"

"काय?" आकाराम ओरडला.

"तुझी! ती माझी!"

"आयकू येत न्हाई! बंद कर की ती!"

"न्हाई करनार!"

मनुबाई, आकारामची बायको, पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. आकाराम वॉकर टेकत टेकत अंगणात उतरला. आठ-दहा पावलांचं अंतर, पण त्याला बराच वेळ लागला. बशीरभाई गाडीवर बसून तो वेळ बघत राहिले. हा माणूस एकेकाळी ऊसाच्या बांधावरून पळत जायचा. तो जवळ आला, त्यानं हात लांब केला आणि किल्ली फिरवली.

अंगण एकदम शांत झालं.

"खुब्याचं आपरेशन झालं," आकाराम म्हणाला. "मिरजंत. दोन वर्षं झाली."

"मला कळवलं न्हाईस."

"तू फोन घेत न्हवतास."

बशीरभाईंनी खिशातून मॅडमचा कागद काढला. "सिद्धूनं पाट्या उलट्या बसवल्या. तुझ्याकडची गाडी माझी हाय."

आकारामनं कागद हातात घेतलासुद्धा नाही. "ठाव हाय मला."

"कवापासनं?"

"पहिल्याच वर्षापासनं." आकाराम वॉकरवर दोन्ही हात ठेवून जमिनीकडं बघत बोलू लागला. "हंगामाच्या आदी इंजिन रॉकेलनं धुतलं, तवा नंबर दिसला. बुकाशी ताडून बघितला. म्हटलं उद्या सांगावं बशीरला. पर तवर माझी झकास पळत हुती अन् तुझी किका खात हुती. म्हटलं, आठ दिवसांनी सांगू. मग गळीत चालू झालं. मग पोरं झाली. मग इतकी वर्षं झाली, की सांगायचं तोंड ऱ्हायलं न्हाई."

बशीरभाईंनी कागदाची घडी घालून तो खिशात ठेवला.

"म्हणून येत हुतो रं दर आयतवारी प्लग घासायला. दुसरं काय करनार? शोरूममधी म्याच आदी हात घातलावता, अन् खराब गाडीला घातलावता. माझं नशीब तू वडत हुतास. त्या नागपंचमीला लोकांसमोर त्वा एकोनीस किका मारल्यास, मला बघवंना. म्हटलं कायतरी हसन्यावारी न्यावं, तर तोंडातनं नको ते गेलं."

ज्या रविवारांना बशीरभाई अडतीस वर्षं मिरवणं समजत होते, ते सगळे रविवार आता त्यांच्यासमोर उभे राहिले. पायरीवर बसून आपण मनात काय काय म्हणत होतो, तेही त्यांना आठवलं. त्यांना स्वतःची फार लाज वाटली. ती लपवायला त्यांनी शर्टावरचा चहाचा डाग पुसायला घेतला.

"घिऊन जा तुझी," आकाराम म्हणाला आणि त्यानं गोठ्याकडं मान केली.

गोठ्यात ताडपत्रीखाली ती उभी होती. दोन वर्षं जागची हलली नव्हती, पण टाकी चमकत होती. मनुबाई म्हणाली, "आवं भावजी, चालता येत न्हवतं तवा खुर्ची गोठ्यात न्हेऊन पुसायचे. दर आठवड्याला पोराकडनं सुरू करून घेत्यात, अन् आवाज आयकत बसत्यात."

बशीरभाई त्या गाडीवर बसले. आयुष्यभर ज्या किकेची वाट बघितली ती मारली. गाडी पहिल्याच किकेला सुरू झाली. ते वेशीपर्यंत गेले आणि वळून आले. गाडी इतकी गुमान चालत होती, की त्यांना काय करावं सुचेना. हँडल उजवीकडं ओढत नव्हतं, तरी ते सवयीनं डावीकडं रेटत होते, त्यामुळे दोनदा ती गटाराकडं गेली. गुडघ्याला टाकीचा चटका बसत नव्हता. चढाला तिला चुचकारावं लागत नव्हतं. वेशीपासून अंगणापर्यंत ते एका अनोळखी माणसाच्या घरी पाहुणे म्हणून बसल्यासारखे अवघडून आले.

त्यांनी ती गोठ्यात जिथल्या तिथं लावली आणि ताडपत्री नीट खोचली.

"ऱ्हाऊ दे हितंच," ते म्हणाले. "नंबर तेवढं बदलू. तुझ्या नावावरची मी फिरवतो, माझ्या नावावरची तू पूस."

"आन् किका?"

"सवय हाय पायाला."

आकारामनं तोंड दुसरीकडं फिरवलं. मग बराच वेळ तो वॉकरच्या रबराला काय झालंय ते बघत होता. मनुबाईनं दोघांकडं बघितलं आणि ती भाकरी टाकायला आत गेली.

पुढच्या आठवड्यात धैर्यशीलनं, आकारामच्या मुलानं, चांगली गाडी टेम्पोत घातली आणि बापाला पुढं बसवलं. कार्यालयात मॅडमनी दोन्ही नंबर लोखंडावरून स्वतः वाचले. "इतकी वर्षं कोण कुणाची गाडी वापरत होतं, हे जबाबात नीट लिहा," त्या म्हणाल्या. आकारामनं लिहिलं, "दोघेही एकमेकांची, राजीखुशीने." खाली दोघांनी सह्या केल्या. नव्या प्लेटा बसल्या. त्यांच्यावर ना श्री, ना ७८६. ते आता चालत नाही. ४४१८ बशीरभाईंच्या बुडाखाली आली, आणि तिच्या कागदावर आकारामचं नाव आणि आकारामचा मोबाईल नंबर राहिला. विट्यात दादासोंनी प्लेट निरखून बघितली आणि अस्सल असल्याचा निर्वाळा दिला.

आता रविवारी बशीरभाई जातात. प्लगपाना बरोबर असतो. पहिल्याच रविवारी पेठ नाक्याजवळ उकडलं म्हणून त्यांनी हेल्मेट काढून हँडलला अडकवलं. आकारामच्या अंगणात पोचले, तर मनुबाई चहाचा कप घेऊन दारातच उभी. आकाराम मोबाईल लांब धरून बघत होता.

"टक्कल लय चमकतंय रं तुझं," तो म्हणाला आणि त्यानं पडदा पुढं केला. नाक्यावरच्या कॅमेऱ्यानं काढलेला फोटो होता. ४४१८ वर विनाहेल्मेट बशीरभाई, आणि खाली दंडाची नोटीस, गाडीमालक आकाराम ज्ञानू खोत यांना.

"ह्यो दंड माझा," बशीरभाई ओशाळून म्हणाले. "परत न्हाई काढणार."

त्यांनी शब्द पाळला. पुढचे तीन रविवार ते विट्यापासून वारणेपर्यंत हेल्मेट घालून गेले. तिसऱ्या रविवारी आकाराम झोपला असताना मनुबाईनं त्यांना सोप्याच्या कोपऱ्यात थांबवलं. "भावजी, त्या पहिल्या आयतवारी बरं हुतं. फोटो आला अन् हेंच्या जिवाला घोर ऱ्हायला न्हाई. आता सकाळधरनं दाराकडं डोळं. 'ती गाडी दगा देनारी हाय मनू, कुठं पडला का, कुठं बंद पडली का.' औषधबी घेत न्हाईत तुमी येस्तोवर."

बशीरभाईंनी मान हलवली.

आता आसिफ दर सोमवारी चिडतो. साठीच्या पुढं माणसाला इतकं कसं कळत नाही, दर आठवड्याला त्याच नाक्यावर तोच गुन्हा, असं म्हणतो. बशीरभाई दंड स्वतः भरतात आणि त्याला सांगतात, की पूर्वी पोचल्याची तार करायला पैसे पडत होतेच की. फरीदा फक्त शनिवारी त्यांच्या खिशात एक छोटा कंगवा ठेवते.

रविवारी पेठ नाका आला की बशीरभाई गाडी कडेला घेतात. इंजिन चालू ठेवून हेल्मेट काढतात, उरलेल्या केसांवरून कंगवा फिरवतात, आणि मग कॅमेऱ्याखालून अगदी सावकाश जातात, मान वर करून, चेहरा नीट दिसेल असे. पलीकडं गेले की पुन्हा हेल्मेट घालून पट्टा आवळतात. तिथून आकारामचं घर अर्ध्या तासावर आहे. मनुबाई चहाचं आधण ठेवते, आणि आकाराम औषधाची गोळी घेतो.